चार पावलांचा हुकूम

"त्या चार पावलांचा हुकूम कोणी दिला?"

कंपनीचे वकील पारसनीस यांनी हा प्रश्न इतक्या मऊ आवाजात विचारला, की चहा कोणी मागवला असं विचारताहेत की काय, असं उज्ज्वला मोहितेंना वाटलं. मग सांगलीच्या ग्राहक आयोगाच्या त्या हॉलमधल्या सगळ्या माना त्यांच्या नवऱ्याकडे वळल्या.

संपत मोहिते सर चाकाच्या खुर्चीत बसले होते. उभी हयात हिवरेवाडीच्या हायस्कुलात पी.टी. शिकवलेला माणूस. त्यांच्या एका शिट्टीला अख्खं मैदान गप्प व्हायचं. आज त्यांचाच आवाज पुढच्या बाकापर्यंत जेमतेम पोचला.

"मला त्या दिवसाचं काहीच आठवत नाही," सर म्हणाले.

"तुम्हाला आठवत नाही, पण यंत्राला आठवतं," पारसनीस म्हणाले. "त्यात नोंद आहे. हुकूम कुठल्या बिघाडातून आलेला नाही. सरांच्या स्वतःच्या मांडीच्या स्नायूंतून आलाय. एकसारखी, ठाम चार पावलं. पाण्याच्या टाकीपासून गच्चीच्या उघड्या कडेपर्यंत, आणि पुढं. यंत्रानं फक्त धन्याचं ऐकलं. घटना दुःखद आहे. पण तिचा दोष आमच्या अशिलावर कसा येतो?"

म्हणजे सरळ मराठीत सांगायचं तर, बाई, तुमचा नवरा जीव द्यायला निघाला होता, त्यात आमच्या यंत्राला कशाला बोल लावता?

मोहित्यांची वकील रेश्मा मुजावर ताडकन उठली, हरकत घेतली, अध्यक्षा बिडकरबाईंनी ती मान्यही केली. पण बोललेला शब्द काय माघारी जातो? तो उज्ज्वलाबाईंच्या कानात जाऊन बसला. आणि खरं दुखणं असं, की तो तिथं आधीपासूनच होता. दोन वर्षं होत आली, त्या स्वतःलाच हे विचारत होत्या, आणि उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.

आता हे यंत्र म्हणजे काय, ते सांगायला हवं. त्याचं नाव 'पायदोस्त'.

सरांची मोटरसायकल घसरली आणि पाठीचा मणका दुखावला, ते काही वर्षांपूर्वीचं. मेंदूकडून पायांकडं जाणारी मज्जारज्जूची दोरी पुरती तुटली नव्हती, पण बरीचशी उसवली होती. म्हणजे 'चल' असा निरोप मेंदूतून निघायचा, पण पायापर्यंत पोचेतो त्याचा जीव गेलेला असायचा. स्नायूत विजेची नुसती बारीकशी चुळबुळ व्हायची. तेवढ्यानं पाऊल उचलत नाही. पायदोस्त हीच चुळबुळ हेरायचं. मांडीला आणि पोटरीला घट्ट बसणारे मोजे, त्यांत केसाहून बारीक तारा, आणि गुडघ्याला नि कमरेला मोटरी. मोज्यांनी निरोप वाचायचा, मोटरींनी तो पुरा करायचा. गळ्यात एक बिल्ला असायचा. त्याचं बटण दाबलं की यंत्र चालू, पुन्हा दाबलं की बंद.

पहिली यंत्रं अडखळायची. निरोप आला, वाचला, मग पाऊल, यात जो उशीर व्हायचा त्यानं माणूस झिंगल्यागत चालायचा. मग कंपनीनं नवी आवृत्ती काढली. निरोपाची सुरुवात कळली की हे यंत्र पुढचं ओळखायचं आणि निघायचं. 'मनात येताच पाऊल!' अशी जाहिरात होती. आणि खोटं कशाला बोला, सर चालायला लागले! बाजारात गेले, बिनचालकाच्या एस.टी.त चढले, त्या एस.टी.त अजून टिकून असलेल्या कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून भांडले. उज्ज्वलाबाईंनी तेव्हा गावात पेढे वाटले होते.

आणि मग तो दिवस आला. गावच्या जत्रेची छबिन्याची मिरवणूक घरावरून जाणार म्हणून सर गच्चीवर गेले. त्यांच्या गच्चीला रस्त्याच्या बाजूनं कठडाच नव्हता. वरचा मजला पुढंमागं चढवायचा म्हणून गज तसेच उभे ठेवायचे आणि कठड्याचा खर्च वाचवायचा, हा आपल्याकडचा रिवाजच. मिरवणुकीच्या पुढं शाळेची लेझीम होती. आयुष्यभर जी लेझीम सरांनी पुढं होऊन नाचवली, ती त्या वर्षी नव्या मास्तरांनी काढली होती. सर टाकीला टेकून बघत होते. उज्ज्वलाबाई खाली स्वयंपाकघरात चहा गाळत होत्या. धप्पकन आवाज आला.

त्या धावत बाहेर आल्या. शेजाऱ्यांच्या बांधकामाची वाळू पडली होती म्हणून जीव वाचला. सर त्या वाळूत उताणे पडले होते, डोळे मिटलेले, आणि पाय मात्र झाडत होते. एक पाय, मग दुसरा, मग पहिला. उज्ज्वलाबाईंनी ते दोन्ही पाय छातीशी कवटाळून धरले. मोटरींचा जोर इतका, की त्यांच्या बरगड्यांना आठवडाभर ठणका होता. माणूस जाताना अशीच तडफड करतो, असं त्यांना वाटलं होतं. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. वकिलाला नाही, लेकीला नाही, आणि सरांना तर नाहीच.

सुनावणी संपल्यावर पारसनीसांनी व्हरांड्यात रेश्माला गाठलं. कंपनी माणुसकी म्हणून सरांचा जन्मभराचा औषधोपचार बघेल, नवं यंत्रही देईल. तक्रार मागं घ्यायची आणि यंत्रात दोष नव्हता एवढं लिहून द्यायचं. आठवड्यात कळवा.

रेश्मा सरांचीच विद्यार्थिनी. सातवीत लेझीम चुकली म्हणून सरांनी तिला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या होत्या, हे ती अजून सगळ्यांना कौतुकानं सांगायची. ती म्हणाली, "सर, काकू, मी खोटी आशा लावणार नाही. हरलो तर हातात भोपळा. पण सही केलीत तर त्या कागदाचा अर्थ एकच निघतो. तो पचणार असेल तर करा."

"करून टाकू," सर लगेच म्हणाले.

उज्ज्वलाबाई बघतच राहिल्या. हा माणूस कबड्डीत एका गुणासाठी पंचांशी अर्धा तास हुज्जत घालायचा. आणि आज न खेळताच मैदान सोडतोय?

घरी आल्यावर त्यांनी भाकरी थापता थापता विषय काढला. "अहो, एवढी कसली घाई? शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण आता चढलोय की आपण. अर्ध्यावरनं उतरायचं?"

सर म्हणाले, "तू मला कधी विचारलं नाहीस."

"काय?"

"तेच. पारसनीसानं विचारलं ते."

भाकरी तव्यावर करपायला लागली, तरी त्यांचा हात हलेना.

"मला आठवत नाही गं," सर म्हणाले. "पण आठवत नाही म्हणजे मनात आलंच नसेल, असं कुठं आहे? त्या आठवड्यात मी कसा होतो, तुला ठाऊक आहे. शाळेनं मला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं होतं. प्रमुख पाहुणा म्हणजे काय, तर खुर्चीत बसवायचा, नारळ द्यायचा आणि वाटेला लावायचा. लई लागलं होतं मला ते. आता उकरत गेलो आणि खालनं तेच निघालं तर? तुला सोडून जायला निघालो होतो, असं चार लोकांत सिद्ध झालं तर तू कुठल्या तोंडानं माझ्यासंगं राहशील? त्यापेक्षा झाकली मूठ सव्वा लाखाची."

उज्ज्वलाबाईंना म्हणायचं होतं, छे, तुमच्या मनात असं येणंच शक्य नाही. पण जीभ रेटेना, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर ते झाडणारे पाय होते. त्या नुसत्या म्हणाल्या, "जेवून घ्या." सरांना कळायचं ते कळलं. त्या दिवशी दोघंही नीट जेवले नाहीत.

आठवडा सरत आला. सही करायची, असं न बोलताच ठरल्यासारखं झालं होतं.

संध्याकाळची वेळ. उज्ज्वलाबाई रोजच्यासारख्या सरांच्या पायांना तिळाचं तेल चोळत बसल्या होत्या. सर पेपर वाचत होते. जत्रा जवळ आल्यामुळं शाळेच्या मैदानावर लेझमीची तालीम लागली होती. लांबून हलगी कडाडली आणि उज्ज्वलाबाईंच्या तळहाताखाली काहीतरी हललं.

त्यांना वाटलं, भास झाला. हात तसाच ठेवला. पुन्हा हललं. उजव्या पोटरीत अगदी बारीक उसळी, मग डाव्या पोटरीत, मग परत उजव्या.

"अहो, पाय हलवताय होय?"

"मी? मी कसला हलवतोय! का गं?"

"काही नाही. वाचा तुम्ही."

हलगी थांबली. पोटरी गप्प. हलगी सुरू झाली. पोटरी सुरू! उज्ज्वलाबाईंनी दोन्ही पोटऱ्या दोन हातांत धरल्या आणि डोळे मिटले. उजवा, डावा, उजवा, डावा. मग जरा ठहराव. मग परत. सरांचे डोळे पेपरात, साखर कारखान्याच्या निवडणुकीच्या बातमीवर, आणि पाय इकडं चोरून नाचताहेत! धन्याला पत्ता नाही!

"पेपर ठेवा खाली!" उज्ज्वलाबाई ओरडल्या. "आणि रेश्माला फोन लावा. आत्ताच्या आत्ता लावा. सही गेली खड्ड्यात!"

रेश्मा दुसऱ्याच दिवशी आली, पोटरीवर हात ठेवून बसली आणि हलगी वाजताच हसायलाच लागली. "काकू, माझाही पाय बघा की!" तिचा बुटातला पंजा जमिनीवर ताल धरत होता. "सातवीत फेऱ्या मारल्या, त्या अजून पायात आहेत."

मग ती मिरजेच्या मेंदूच्या डॉक्टरांकडे जाऊन बसली आणि सगळं समजून घेऊन परत आली. तिनं ते मोहिते दांपत्याला सांगितलं, ते असं.

माणसाच्या मेंदूत ऐकायची जागा आणि हलायची जागा एकमेकींना जोडलेल्या असतात. ओळखीचा ठेका कानावर पडला की हलायची जागा आपसूक जागी होते आणि पायांकडं बारीक निरोप सुटतात. आपण ठरवावं लागत नाही. वर्षानुवर्षं एकच ठेका नाचलेल्या माणसात तर ते फार जोरात होतं. मग आपण सगळे वरातीत नाचत का सुटत नाही? तर मेंदू वरून दटावतो, 'गप बस,' आणि निरोप वाटेतच विरतो. सरांच्या उसवलेल्या दोरीत हे दटावणारे धागेही तुटलेत. त्यामुळं निरोप तसाच खाली पोचतो. त्यानं पाय हलत नाही, पण चुळबुळ होते. आणि पायदोस्त काय वाचतं? चुळबुळ!

"यंत्राला इच्छा आणि सवय यांतला फरक कळत नाही, सर," रेश्मा म्हणाली. "त्यांनी ते शिकवलं कुठं, माहितीय? बंद, शांत खोल्यांत. माणसाला सांगायचं 'चला', माणूस चालणार. 'थांबा', माणूस थांबणार. तिथं ना हलगी, ना वरात, ना गणपती. आणि विकायला आणलं आपल्याकडं!"

सरांनी कंपनीचा कागद मागून घेतला आणि त्याचे चार तुकडे केले.

पारसनीसांनी प्रात्यक्षिकाला खूप विरोध केला. म्हणाले, हा न्यायासनासमोर तमाशा होईल. कठडा नसलेल्या गच्चीचा मुद्दा त्यांनी पुन्हा काढला. "नाचता येईना अंगण वाकडं!" सर पुटपुटले, आणि बिडकरबाईंनी चष्म्यावरून पाहिलं तेव्हा गप्प झाले. शेवटी परवानगी मिळाली. यंत्र कंपनीचंच, बसवणारा इंजिनिअर कंपनीचाच. सरांना छताला टांगलेल्या सुरक्षापट्ट्यांत उभं केलं, दोन बाजूंना दोन परिचारिका. दारात हिवरेवाडीचे आवळेमामा हलगीचं कातडं शेकून तयार होते. गेली कितीतरी वर्षं सरांची लेझीम त्यांच्याच हलगीवर नाचली होती.

"सरांचं मन दुसरीकडं गुंतलेलं हवं," रेश्मा म्हणाली. "सर, एकोणिसाचा पाढा म्हणा."

"अगं, मी पी.टी.चा मास्तर!" सर म्हणाले, आणि हॉलमध्ये हशा पिकला.

आधी शांततेत पाढा झाला. यंत्र जागचं हललं नाही. मग मोबाईलवर एक सिनेमाचं गाणं मोठ्यानं लावलं. मोटरी जराशा कुरकुरल्या, बस्स. पारसनीसांच्या चेहऱ्यावर बारीक हसू आलं. उज्ज्वलाबाई पुढं सरकून बसल्या. पोटरीतली ती उसळी पावलाएवढी नसलीच तर? आता इथं सगळ्यांसमोर काही घडलं नाही, तर त्या प्रश्नाचं एकच उत्तर उरणार होतं, आणि ते घेऊन त्यांना सरांबरोबर उरलेला जन्म काढावा लागणार होता. त्यांनी पदराचं टोक मुठीत गच्च धरलं.

आवळेमामांनी हलगीवर थाप मारली. कड्कड् कड् कड्!

"एकोणीस एके एकोणीस," सर म्हणाले. काही नाही. "एकोणीस दुणे अडतीस." काही नाही. "एकोणीस त्रिक... त्रिक..." सरांनी कपाळाला आठ्या घातल्या, डोळे वर लावले, "सत्तावन्न!" आणि उजवं पाऊल पुढं पडलं.

हॉलमध्ये कुणीतरी "अगं आई!" म्हणालं. डावं पाऊल. उजवं. डावं. ठाम, एकसारखी चार पावलं. सर खाली बघत घाबरून म्हणाले, "अरे, अरे, मी नाही! मी काही करत नाहीये!"

चौथ्या पावलानंतर ठेक्यात जरासा ठहराव आला. आणि मग पाय मागं यायला लागले. एक पाय, मग दुसरा, मग पहिला. चार पावलं मागं. लेझमीचा पहिला हात, हिवरेवाडीचं शेंबडं पोरही सांगेल असा. चार पावलं पुढं, चार पावलं मागं.

उज्ज्वलाबाई ते मागं येणारे पाय बघत होत्या. ती उचल, तो झटका त्यांच्या ओळखीचा होता. छातीशी कवटाळून धरलेले पाय असेच झटके देत होते. कुणाची परवानगी न घेता त्या उठल्या.

"ती तडफड नव्हती!" त्या ओरडल्या. "अहो, तुम्ही मागं येत होता! वाळूत पडल्यावर पाय झाडत होते ना, मी धरून ठेवले ना, ते तुम्ही मागं येत होता! चार पुढं झाली, मग चार मागं! तुम्ही कुठं चालला नव्हता हो! तुम्ही नुसते लेझीम खेळत होता!"

बोलता बोलता त्या रडायला लागल्या, आणि पट्ट्यांत लोंबकळत सरही रडायला लागले. हलगी थांबली होती. बिडकरबाईंनी कुणालाही गप्प बसा म्हटलं नाही. जरा वेळानं त्यांनी पारसनीसांकडे बघितलं आणि त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला, "काय हो वकीलसाहेब, या चार पावलांचा हुकूम कोणी दिला?"

पारसनीस माणूस वाईट नव्हता. त्यांनी मान हलवली आणि ते खाली बसले.

निकाल मोहित्यांच्या बाजूनं लागला. भरपाई मिळाली, ती चांगली मिळाली. पण निकालातलं एक वाक्य पुढं देशभर गाजलं. बिडकरबाईंनी लिहिलं होतं की जिथं मिरवणुका रस्त्यानं जातात तिथं माणसाच्या अंगातलं ओळखणारं यंत्र विकायचं असेल, तर त्या माणसाच्या अंगात काय काय मुरलेलं आहे, हे ओळखण्याची जबाबदारी विकणाऱ्याची आहे. नुसतं अंगानं सांगितलं म्हणून हलायचं नाही, माणसाला विचारायचं. वरपर्यंत अपील झालं, पण ते वाक्य टिकलं. मग सगळ्या यंत्रांत बदल झाला. ठेक्यातला निरोप आला की यंत्र आता थबकतं, कमरेपाशी हलकंसं थरथरतं, आणि गळ्यातला बिल्ला अंगठ्यानं दाबल्याशिवाय पुढं सरकत नाही. कृत्रिम हातांना, विचारांवर चालणाऱ्या खुर्च्यांनाही पुढं तोच नियम लागला. इंजिनिअर लोक त्या थबकण्याला 'मोहिते थांबा' म्हणतात. सरांना त्याचा भारी अभिमान. एस.टी.चा थांबा मिळतो पुढाऱ्याला, मला यंत्राचा मिळाला, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात.

पण उज्ज्वलाबाईंचा जीव भांड्यात पडला होता तो निकालाच्या आधीच. त्या दिवशी दोघं सांगलीहून गाडीनं परतत होते. हिवरेवाडीच्या फाट्यावर सर म्हणाले, "उज्ज्वला, मी तुला सोडून जात नव्हतो." आणि त्या म्हणाल्या, "माहीत आहे मला. कठडा मात्र बांधून घेऊ." त्या दोन वाक्यांत दोन वर्षांचं ओझं उतरलं, आणि घरी आल्यावर दोघांनी पोटभर जेवण केलं.

नवी यंत्रं आल्यावरच्या पहिल्याच जत्रेला सर पुन्हा प्रमुख पाहुणे होते. पण या खेपेला त्यांनी खुर्ची नाकारली. शाळेच्या सपाट मैदानाच्या कडेला नवं पायदोस्त बांधून उभे राहिले, शेजारी उज्ज्वलाबाई. आवळेमामांनी हलगी शेकली, पहिली थाप मारली, आणि सर एकदम ताठ झाले.

"काय झालं?" उज्ज्वलाबाईंनी घाबरून विचारलं.

"विचारतंय," सर कमरेकडं बोट दाखवत म्हणाले. "जाऊ का म्हणून."

त्यांनी बायकोकडं बघितलं. उज्ज्वलाबाईंनी पुढची जमीन बघितली. चार पावलं, आठ पावलं, नदीपर्यंत सगळी जमीनच होती.

"मग जा म्हणा की," त्या म्हणाल्या. "पण माझा हात धरून."

सरांनी बिल्ला दाबला. उजवं, डावं, उजवं, डावं. पोरांनी कडं मोकळं करून दिलं, नवे मास्तर बाजूला सरले आणि त्यांनीच पहिली शिट्टी मारली. उज्ज्वलाबाईंनी जन्मात कधी लेझीम हातात घेतली नव्हती. चार पावलं पुढं कशीबशी जमली, मागं येताना त्यांचा पाय चुकला आणि त्या सरांच्या यंत्रावर आदळल्या.

"डावा नाही, उजवा! उजवा म्हणतोय ना! लक्ष कुठाय तुझं?" सर मैदान दणाणून ओरडले. "पहिल्यापासून! पुन्हा!"

किती दिवसांनी ओरडले होते! सगळं मैदान हसत होतं. उज्ज्वलाबाईंनी पदर खोचला आणि उजवा पाय पुढं टाकला.